दोन साडूंचा कोटा

शुक्रवारची नमाज आटपून सिराजुद्दीन घरात शिरला तो चपला भिरकावूनच. एक गेली कपाटाखाली, दुसरी उमैरच्या बॅगेवर. रुकय्या स्वयंपाकघरातून बघत होती. या माणसाबरोबर तिने अर्धा जन्म काढला होता, त्यामुळे चप्पल कुठे पडली यावरूनच तिला हवामान कळायचं. आज वारं भलतंच सुटलं होतं.

कारणही तसंच. आदल्या संध्याकाळी सौदीतल्या थुवालच्या बंदरावर नाजिलचा कोटा जाहीर झाला होता. नाजिल हा मासा म्हणजे लालभडक अंग, वर निळे ठिपके, आपल्याकडच्या हेकरूचा श्रीमंत चुलतभाऊ. जेद्दाच्या हॉटेलवाल्यांचा जीव की प्राण. तो दिवसेंदिवस कमी होत चाललेला, म्हणून सगळ्या बोटवाल्यांनी मिळून ठरवलं होतं की या हंगामापासून ज्याने त्याने ठरल्या वाट्याएवढाच मारायचा. आणि वाटा कसा पाडायचा? मागच्या हंगामात ज्याने जेवढा मारला, त्या प्रमाणात. हा नियम बैठकीत उभं राहून, छाती काढून कुणी सुचवला होता, तर सिराजुद्दीनने. का नाही सुचवणार? हम्माद या सौदी मालकाच्या दोन्ही बोटी सिराजुद्दीन चालवायचा, आणि त्या बोटींएवढा माल सगळ्या धक्क्यावर कुणी उतरवत नव्हतं.

वाटा आला तो एका बोटीला पंधरा दिवस पुरला तरी खूप.

आणि सगळ्यात मोठा वाटा कुणाला? फकरुद्दीन परकारला. रुकय्याच्या धाकट्या बहिणीचा, बिलकिसचा नवरा. म्हणजे सिराजुद्दीनचा सख्खा साडू. त्याची बोट अर्धं वर्ष धक्क्याला बांधलेली, इंजिन खोललेलं, आणि हा वर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला मोठमोठ्या गोष्टी सांगत बसलेला.

"हे झालं कसं, ते मला समजावून सांग," सिराजुद्दीन अरवासमोर बसला.

अरवा त्याची मुलगी. विद्यापीठात मासेमारीच्या अर्थशास्त्राचं काम करायची. किती मासा काढला तर पुढच्या साली किती उरेल, बोट किती लांब धाडली की डिझेल मासळीपेक्षा महाग पडतं, असल्या हिशेबांत तिचा दिवस जायचा. बापाला हे सगळं पटवायला तिला किती महिने लागले आणि किती कप चहा सांडला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"अब्बा, मागे आमच्या विद्यापीठातला शर्विल आकडे घ्यायला आलेला तुमच्याकडे. पुण्याचा, चष्मेवाला."

"आलेला. गुणी पोरगा. मी त्याला खजूर खायला घातला."

"त्याने विचारलं असेल, हंगामात नाजिल किती मिळतो."

"विचारलं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

सिराजुद्दीनने पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

"अब्बा."

"म्हटलं, कुठे काय मिळतंय आजकाल. थोडासा आकडा दिला. लहानसा."

"किती लहान?"

"आता खरा सांगू काय मी त्याला? नजर लागते बाय. माझ्या बापाने उभ्या जन्मात कुणाला खरा सांगितला नाय. आमची होडी बुडायच्या बेताला भरून यायची, तरी वर रिकामं जाळं पसरून ठेवायचा. कुणी विचारलं तर, काय नाय, वास पण नाय. हेच शिकलो आम्ही. तू तरी का नाय आलीस विचारायला?"

"बापाचा आकडा मुलीने घ्यायचा नसतो. आमच्यात तसा नियम आहे. आणि मी विचारला असता तर सांगितला असता?"

त्यावर सिराजुद्दीन परत पंख्याकडे बघायला लागला.

उमैर, थोरला, सोफ्यावर लोळत हे ऐकत होता. रियाधला बँकेत होता, शुक्रवार-शनिवार काढायला आलेला. तो म्हणाला, "यार अरवा, एक सेल तर बदलायचाय एक्सेलमधला. कर ना."

"तुझ्या बँकेत माझ्या खात्यातला एक सेल बदल की मग. मागे दोन शून्यं लाव."

"दॅट्स डिफरंट."

"काय डिफरंट? रीफवरून एकूण किती नाजिल काढायचा, तो आकडा एकच आहे. अब्बाचा वाढवला की दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातला गेला. आणि एकूणच वाढवला, तर चार-पाच वर्षांनी सगळ्यांच्या बोटी दुप्पट लांब जातील आणि तळहाताएवढा मासा घेऊन येतील. मग कोटा घेऊन काय करायचा, फ्रेम?"

"ते मला पटलंय," सिराजुद्दीन हळूच म्हणाला. "म्हणून तर मी बैठकीत उभा राहिलो. माझी पोर सांगते ते बरोबर हाय, असं सगळ्यांना बोललो."

हे ऐकून अरवाचा आवाज खाली आला. रुकय्याने आत गॅस बारीक केला. तिला दोघांचंही वाईट वाटत होतं, आणि हसूही येत होतं, पण हसायची सोय नव्हती. कारण हम्मादने सकाळीच फोन केला होता, आणि अगदी प्रेमाने, हबीबी-हबीबी करत सांगितलं होतं की बोटी नुसत्या उभ्याच राहणार असतील तर तो त्या विकून टाकणार. कफील तोच, त्याच्याच जामिनावर सिराजुद्दीन या देशात राहत होता. बोटी गेल्या की सिराजुद्दीनचं काम गेलं, काम गेलं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला, आणि मग भांडी बांधा नि चला दापोलीला. उद्या असरच्या नमाजनंतर बैठक होती. कुणाची हरकत असेल तर तिथेच ऐकणार, आणि मग हंगामभर आकडे पक्के.

"मग रियाधला चला ना," उमैर म्हणाला. "किती वर्षं हा बर्फ नि वास. माझ्याकडे राहा आरामात."

"रियाधला दर्या हाय?"

"मॉल आहे ना, अब्बा. ॲक्वेरियम पण आहे."

सिराजुद्दीनने त्याच्याकडे असं बघितलं की उमैरने पाय सोफ्यावरून खाली घेतले.

"उद्या उभा राहतो आणि सांगतो," सिराजुद्दीन म्हणाला. "शर्विलला म्हणतो, बाबा, मी कमी सांगितलेलं."

"एकट्याने सांगून नाही चालायचं. मग प्रत्येकजण उठेल, माझाही वाढवा म्हणेल. आणि सगळ्यांनी सांगितलेल्या आकड्यांची बेरीज हराजच्या वजनाशी बरोबर जुळलेली. लिलावात कुणाचा किती ते लिहीत नाहीत, पण एकूण जेवढा माल तोलला गेला, तेवढाच बोटवाल्यांनी सांगितलेला. जुळली नसती तर आम्ही दुसऱ्यांदा फिरलो असतो ना."

"जुळेल कशी? मी तर एवढा..." सिराजुद्दीन थांबला.

अरवाही थांबली. तिच्या कपाळावर आठी आली, मग गेली. "खालूने काय सांगितलं असेल?"

"फकरूने?"

"तुम्ही जेवढा लपवलात, तेवढाच खालूने फुगवला. दोघांचं खोटं एकत्र केलं आणि बेरीज खरी आली."

रुकय्याने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं, पण उशीर झाला होता. "हसतेस काय," बाहेरून आवाज आला. तेवढ्यात बेल वाजली.

*

दर शुक्रवारी जेवायला यायचं असा बिलकिस-फकरूचा रिवाजच होता. आज फकरूने नवा कोरा तोब चढवला होता, अत्तर असं की त्याच्या आधी तेच घरात आलं, आणि हातात बसबुसाचा एवढा मोठा खोका.

"मुबारक नाय म्हणणार, सिराजभाई?"

"मुबारक," सिराजुद्दीन म्हणाला. दाढ दुखत असल्यासारखा.

"अल्लाचा करम. माणूस मेहनत करतो, वरचा बघत असतो."

रुकय्याने बहिणीला हाताला धरून आत नेलं. बिलकिस आत आली आणि भाकरीच्या पिठाच्या परातीसमोर मटकन बसली.

"आपा, मिठाई घेऊन आलेत, पण कालपासून अन्नाला शिवले नायत. कोट्यातला निम्मा तरी भरला नाय ना, तर पुढच्या सालापासून बोटीचं नावच काढून टाकणार. तसा नियम हाय."

"मग भरा की."

"कशाने? मागच्या हंगामात यांनी जेवढा नाजिल आणला तो आम्ही घरातच खाल्ला."

रुकय्या पिठात पाणी घालता घालता थांबली. "मग नवऱ्याला म्हण, खरं सांगा."

"सांगतील ते? धक्क्यावर सांगून झालंय. जेद्दाला सांगून झालंय. गावच्या मशिदीच्या कमिटीला फोन करून सांगितलंय की सगळ्यात मोठी बोट आमची. आता कुठल्या तोंडाने फिरवतील?"

"आणि आमच्याकडे हे. गळा कापला तरी खरा आकडा तोंडातून बाहेर पडणार नाय." रुकय्याने भाकरी थापायला घेतली. "तू पण काय कमी हायस? गळ्यातला हार मोडलास, आणि मला सांगितलंस लॉकरमध्ये हाय."

बिलकिसने मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"कळतं."

"मग मी पण सांगू? तुझ्या बांगड्यांतल्या दोन तू दुलाभाईंपासून, तुझ्याच नवऱ्यापासून लपवल्यास. तांदळाच्या डब्यात."

रुकय्याचा हात भाकरीवर तसाच राहिला. दारात अरवा ताटं न्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"खाला, अम्मीच्या बांगड्या तुला एवढ्या बरोबर ठाऊक?"

"ठाऊक म्हणजे? बहीण हाय माझी. माझ्या मी मोजत नाय, तिच्या मोजते."

अरवाने ताटं परत ओट्यावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते रुकय्याने चांगलं ओळखलं. लहानपणी शेजारच्यांच्या कोंबड्या मोकळ्या सोडायच्या आधी हे कार्टं असंच दिसायचं.

"अम्मी, जेवण अर्धा तास थांबव. मासा तळू नकोस अजून."

*

अरवाने साधा बेत केला. बापाला उमैरबरोबर मागच्या खोलीत बसवलं, खालूला पुढे, मजलिसमध्ये. मधल्या बोळात रुकय्या शरबताचा ट्रे घेऊन उभी. कुणी तिला उभं राहायला सांगितलं नव्हतं, पण दोन्ही दारं तिथून सारखीच ऐकू यायची.

"कुणीही स्वतःचा आकडा सांगायचा नाही," अरवाने दोघांनाही सांगितलं होतं. "फक्त दुसऱ्याचा."

मागच्या खोलीत सिराजुद्दीनच्या आवाजाला एकदम तेज आलं. कालपासून पहिल्यांदा.

"फकरूचा? घे लिहून. रमजानच्या आधी त्याचं गिअर बॉक्स गेलं, ते ईदनंतर आलं. मग एकदा गेला, तर जाळं प्रवाळात अडकवून आला. मग त्याची कंबर धरली. मग तांडेल गावाला गेला. जो काय नाजिल आणला तो एका हाताने उचलून नेला त्याने, दुसऱ्या हातात मोबाईल होता, फोटो काढत होता. मासा पुढे धरायचा आणि हात मागे घ्यायचा, म्हणजे मोठा दिसतो."

"अब्बा, किलो सांगा," उमैर म्हणाला. अरवाने त्याला लिहायला बसवलं होतं, आणि बँकेतला माणूस असल्याने त्याला तेवढंच सुधरत होतं.

पुढच्या खोलीत काम अवघड होतं.

"सिराजभाईंचं काय सांगू मी," फकरू सुस्कारा टाकून म्हणाला. "बिचारे. वय झालं. त्यांना कुठे आता तेवढं जमतं."

"बरं. मग तुमचा कोटा तसाच राहील, खालू," अरवा गोड आवाजात म्हणाली. "मोठाच्या मोठा. मग तो भरायला मात्र लागेल. निम्मा तरी."

बोळात रुकय्या ट्रेसकट दाराजवळ सरकली. फकरूने खिशातून रुमाल काढला असावा, कारण अत्तराचा एक नवा भपकारा बोळापर्यंत आला.

"दार लाव ते," तो म्हणाला.

"लावलेलंच आहे, खालू."

"तर ऐक. तुझा बाप लबाड माणूस हाय. माल वरती दाखवतो तो बांगडा, आणि खाली बर्फात नाजिल. पण बोट लपवता येते काय? मी माझ्या खुर्चीवरून बघतो ना. बोट येते तेव्हा पाणी बोटीवर रंगवलेल्या निळ्या पट्ट्याच्या वर हाय का खाली, ते बघायचं. खाली असलं तर काय नाय. पट्टा बुडलेला असला तर समज भरून आला. मागच्या हंगामात पट्टा किती वेळा बुडाला, ते मी सांगतो तुला. उलटं झोपवून विचारलंस तरी सांगेन."

आणि त्याने सांगितलं. एक-एक फेरी. कुठल्या दिवशी वारा होता, कुठल्या दिवशी चांदणं, कुठल्या दिवशी सिराजुद्दीन पडेल तोंडाने धक्क्यावरून गेला आणि संध्याकाळी गाडीला नवीन टायर घालून आला. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. त्यात हेवा होता, रागही होता, आणि रुकय्याला वाटलं, कुठेतरी कौतुकही होतं, पण ते त्याला विचारलं असतं तर त्याने जीव गेला तरी कबूल केलं नसतं.

दोन्ही कागद एकत्र आले. अरवाने बेरीज केली, परत केली, मग उमैरकडून करून घेतली.

"दोघांचा मिळून आधी होता तेवढाच," उमैर म्हणाला. "बट फ्लिप्ड. पूर्ण उलटा."

"म्हणजे दोघांनी एकदम बदलला तर बाकी कुणाच्या ताटाला हात लागत नाही," अरवा म्हणाली. "एकाने बदलला तर लागतो."

तोवर सिराजुद्दीनने फकरूचा कागद वाचला होता. "ह्याने माझ्या बोटीचा पट्टा बघितला? वर्षभर?"

"आणि तुम्ही माझं गिअर बॉक्स कधी आलं ते सांगितलंत?" फकरूने दुसरा कागद हलवला. "कंबरेचं पण?"

"आता जेवायला बसा," रुकय्या म्हणाली, आणि कढईत मासा टाकला. तळणीच्या आवाजात निम्मं भांडण बुडालं.

जेवताना उरलेलं निघालंच. फकरू म्हणाला, तो काय उद्या उभा राहून थापा मारल्या म्हणून सांगणार नाही. सिराजुद्दीन म्हणाला, तो काय चारचौघांत स्वतःचा आकडा उच्चारणार नाही, मग बोटी जावोत नाही तर राहोत. दोघेही एकाच ताटातून जेवत होते आणि दोघेही मधल्या तुकड्याला हात लावत नव्हते.

"तुम्ही स्वतःचं सांगूच नका," रुकय्या म्हणाली. "आता सांगितलंत तसंच. हे तुमचं सांगतील, तुम्ही यांचं सांगा. मी काय वेगळं मागते?"

"आणि शेवटी भाषण कुणीतरी करायला पाहिजे ना," बिलकिस भाकरी मोडत सहज म्हणाली. "समुद्रासाठी एवढा मोठा वाटा सोडला, ते काय दुलाभाईंना सांगता येणार हाय? चार वाक्यं झाली की त्यांना खोकला येतो."

फकरूने घास खाली ठेवला.

"अरबीत करायचं, का उर्दूत?"

सिराजुद्दीनने मधला तुकडा उचलला आणि साडूच्या पुढ्यात ठेवला.

"मी उद्या एक शब्द बोलणार नाही," अरवाने दोघांना बजावलं. "ठरवणार शर्विल आणि बाकीचे बोटवाले. ते नाही म्हणाले तर नाहीच. मग मला दोष द्यायचा नाही, अब्बा."

"नाय देणार."

"अम्मी, ऐकलंस ना? साक्षीदार तू."

*

बैठक धक्क्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. रुकय्या नि बिलकिस बाहेर गाडीत बसल्या, एसी चालू आणि काच बोटभर खाली. आतलं सगळं ऐकू येत नव्हतं, पण बोटवाले काही हळू बोलणारी जात नव्हे.

आधी सिराजुद्दीन बोलला. फकरूबद्दल, म्हणून न खोकता. मग फकरू सिराजुद्दीनबद्दल. निळ्या पट्ट्यापाशी आला तसा आत एकदम हशा उठला, म्हणजे पट्टा बघणारा तो एकटाच नव्हता. मग भाषण झालं. फकरूने अरबीत सुरू केलं, उर्दूत नेलं आणि मराठीत संपवलं. रुकय्याला एवढंच कळलं की सगळ्या दर्यातला मासा वाचणार असेल तर तो फकरुद्दीन परकारमुळे.

रुकय्याने काच आणखी बोटभर खाली केली. बिलकिसने तिचा हात धरला.

मग आतून एक यमनी तांडेल मोठ्याने बोलला, असंच असेल तर माझ्या शेजारच्या बोटीचंही मला सांगायचं आहे. त्यावर शेजारचा उठला, आधी मी याचं सांगतो. बंगाली बोटवाला म्हणाला, मी तर दोघांचं सांगू शकतो. बघता बघता शर्विलभोवती गर्दी झाली, आणि ज्या माणसांनी इतके दिवस त्याला खजूर खायला घालून परत पाठवलं होतं, ती आता त्याची बाही सोडेनात. त्याच्या टॅबचं चार्जिंग संपलं. कुणीतरी पळत जाऊन पॉवर बँक आणली.

अरवा शेडच्या दारात उभी होती, बोलायचं नाही म्हणून हाताची घडी घालून. दोन वर्षं ती खऱ्या आकड्यासाठी धडपडत होती. आता तो रांगेत उभा राहून तिच्यापुढे धक्काबुक्की करत होता.

अंधारायच्या आत ठरलं. बाकीच्यांचे आकडे शेजाऱ्यांना विचारून नव्याने घ्यायचे, आणि या दोन साडूंचे अदलाबदल करून आजच पक्के, कारण त्यांची बेरीज कुणालाच नडत नव्हती. हम्माद बाहेर आला, गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केली आणि रुकय्याला उमैरची आई म्हणून अरबीत हाक मारली.

"उम्म उमैर, सिराजला सांग, बोटी विकत नाही. यल्ला, बर्फ भरा." मग वाकून, आवाज खाली घेऊन हिंदीत म्हणाला, "मेरे से भी पूछा था लड़के ने. मैं भी बोला, कुछ नहीं मिलता. नजर का डर किसको नहीं."

घरी जाताना सिराजुद्दीन गाडी चालवत होता, रुकय्या शेजारी, अरवा मागे. थुवालच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने आरशातून मागे बघितलं आणि पुन्हा समोर.

"माझा आकडा आज सगळ्या बंदराला कळला," तो म्हणाला.

"बंदराला कधीचाच ठाऊक होता," रुकय्या म्हणाली. "एका पोरीला सांगायचा तेवढा राहिलेला."